किलिमांजारोच्या पायथ्याची जन्मनोंद

आंबोसेलीला लोक जातात ते हत्तींसाठी. मागे किलिमांजारोचं पांढरं शिखर आणि पुढे धूळ उडवत चाललेला हत्तींचा कळप, हे चित्र साऱ्या जगाने पाहिलेलं आहे. मी मात्र गेलो तो बबून नावाच्या माकडासाठी. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि पुढची सगळी नोकरी गंगाखेड, पालम, जिंतूर या भागात गाई-म्हशींच्या मागे गेली. वासरू कसं वाढतं, कालवड माजावर कधी येते, गाय गाभण आहे की भाकड, हेच रोजचं काम. केनियातल्या या रानात १९७१ पासून खंड न पडू देता माकडांच्या जन्माची, वाढीची, बाळंतपणांची आणि मरणाची नोंद ठेवली जाते, असं वाचनात आलं. तेव्हापासून ते रान एकदा डोळ्यांनी बघायचंच, असं मनाने घेतलं होतं.

नैरोबीत मामेभाऊ नोकरीला आहे. "दादा, तुम्ही नुसते विमानात बसा, पुढचं माझ्याकडे," असं तो म्हणाला आणि त्याने शब्द पाळला. नैरोबीहून मोम्बासाच्या हमरस्त्याने एमालीपर्यंत यायचं आणि तिथून दक्षिणेला वळायचं. वळल्यावर शेती विरळ होत जाते. लाल माती, काटेरी बाभळी, अंगावर लाल वस्त्र घेतलेले मसाई गुराखी आणि त्यांच्यापुढे चालणाऱ्या वशिंडाच्या गाई. त्या पाहून मी गाडी थांबवायला लावली. खांद्यावर उंच वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, तांबूस रंग. आपली लाल कंधारी शेजारी आणून उभी केली असती तर परकी वाटली नसती.

आंबोसेलीत वर्षाकाठी सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परभणीच्या निम्म्यापेक्षाही कमी. कोरड्या तळ्याची पांढुरकी जमीन मैलोन् मैल पसरलेली, तिच्यावर वावटळी फिरत असतात. आणि याच रखरखीत जमिनीत मधेच हिरवीगार दलदल लागते. किलिमांजारोवर पडलेलं पाणी जमिनीखालून झिरपत येऊन तिथे वर येतं. डोंगर उभा आहे टांझानियात आणि पाणी पितंय केनिया.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच आमच्या मसाई चालकाने गाडी पिवळ्या खोडाच्या बाभळींपाशी नेऊन उभी केली. बबून रात्र काढतात ती झाडांवर, कारण जमिनीवर बिबट्या आणि सिंह असतात. अंधुक उजेडात फांद्यांवर गाठोडी बसल्यासारखी दिसत होती. ऊन लागलं आणि एकेक गाठोडं खाली उतरू लागलं. कुत्र्यासारखं लांब तोंड, पिवळसर करडी केसाळ पाठ, आणि बुडापासून थोडी वर जाऊन मग मोडल्यासारखी खाली वाकलेली शेपटी. नर पंचवीस किलोंच्या घरातला, मादी त्याच्या निम्म्याने. आपल्याकडचं वानर झाडाचं, धोका दिसला की वर चढणारं. हा प्राणी चारही पायांवर उघड्या माळावर रुबाबात चालत जातो. कळप गाडीच्या दोन्ही बाजूंनी निघाला, आमच्याकडे ढुंकूनही न बघता.

एक मादी अगदी दाराजवळून गेली. तिच्या पोटाला एक काळंभोर पिलू चिकटलेलं होतं. आईचा रंग पिवळट आणि पिलाचे केस मात्र कोळशासारखे, त्यात तोंड आणि कान गुलाबी. साधारण सहा महिने पोटात वाढून हे पिलू जन्माला येतं. पहिले काही आठवडे आईच्या पोटाशी, मग पाठीवर. काही महिन्यांत काळे केस झडतात आणि मोठ्यांचा रंग येतो. काळा रंग आहे तोवर कळपातली प्रत्येक मादी त्या पिलाकडे ओढली जाते, त्याला हात लावायला धडपडते. मी पाहत होतो तेव्हाही दोन तरुण माद्या त्या आईजवळ येऊन बसल्या, तिचे केस विंचरू लागल्या आणि हळूच एकीने बोट पुढे करून पिलाचा कान चाचपला. आईने पिलू आवळून धरलं. बोट मागे गेलं.

अशा एकेका पिलाच्या आयुष्याची वही लिहायला सुरुवात केली ती स्टुअर्ट आणि जीन आल्टमन या अमेरिकी दांपत्याने. १९६३ साली ते पहिल्यांदा इथे आले आणि १९७१ पासून कायमचं काम सुरू झालं. आल्टो आणि हूक या नावांचे कळप त्या पहिल्या काळातले. आज त्या मूळ माद्यांच्या पुढच्या कितीतरी पिढ्यांवर नोंद चालू आहे आणि दीड हजारांहून अधिक बबूनांची माहिती त्या कामात जमली आहे. पुढे सुसान आल्बर्ट्स, जेनी टंग, एलिझाबेथ आर्ची या संशोधक बायकांनी हे काम हाती घेतलं. कुणाच्या कानाला बिल्ला नाही, कुणाला डाग दिलेला नाही. ओळख पटते ती चेहऱ्यावरून, कानाच्या फाटक्या कडेवरून, चालीवरून. आमच्या विद्यापीठाच्या गोपैदास प्रकल्पात प्रत्येक वासराची जन्मतारीख आणि आई-बाप वहीत असतात, पण ती जनावरं आपल्या दावणीची. मोकळ्या रानात, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या प्राण्याची जन्मतारीख थोड्या दिवसांच्या फरकाने सांगता यावी, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

जीन आल्टमन मूळच्या गणिताच्या. प्राण्यांकडे बघतानाही त्यांना हिशोबातली चूक दिसली. कळपाकडे नुसतं बघत बसलं की डोळा जातो तो मारामारीकडे, आरडाओरड्याकडे. गुपचूप गवत खाणाऱ्या मादीची नोंदच होत नाही, आणि मग वाटतं की बबूनांचं आयुष्य म्हणजे सगळी भांडणंच. १९७४ साली त्यांनी यावर एक निबंध लिहिला. कुणाकडे बघायचं हे आधी ठरवा, तिच्यावर ठरावीक वेळ नजर ठेवा आणि ती त्या वेळात जे करेल ते लिहा, मग शेजारी कितीही गोंधळ चालू असो. आंबोसेलीत अशी पाळी दहा मिनिटांची असते आणि दर मिनिटाला नोंद होते. आज जगभर प्राण्यांचं वागणं अभ्यासणारी मुलं सर्वात आधी हा निबंध वाचतात.

मला पशुवैद्य म्हणून चकित केलं ते एका साध्या गोष्टीने. गाय गाभण आहे का हे बघायला आम्ही खांद्यापर्यंत मोजा चढवून हात घालतो. रानातल्या माकडिणीला हात कोण लावणार? पण बबून मादी माजावर आली की तिच्या बुडाची कातडी फुगते, माज ओसरला की उतरते. आणि गाभण राहिली की ढुंगणावरच्या घट्ट्यांच्या आजूबाजूची काळी कातडी हळूहळू गुलाबी होत जाते. वीस-पंचवीस पावलांवरून दुर्बिणीने हे दिसतं. रोज पाहणाऱ्याला दिवस गेल्याची तारीख काढता येते. रक्तही काढायला लागत नाही. ताजी लेंडी उचलून अल्कोहोलात ठेवली की प्रयोगशाळेत तिच्यातून संप्रेरकं कळतात, आणि डीएनए काढून पिलाचा बाप कोण तेही कळतं.

दीड वर्षाच्या सुमारास दूध तुटतं आणि ते सुखासुखी तुटत नाही. माळावर एक मोठंसं पिलू आईच्या सडाशी तोंड नेत होतं आणि आई त्याला दर वेळी कोपराने बाजूला सारत होती. शेवटी त्याने जमिनीवर अंग टाकलं आणि असा गळा काढला की गाडीतली सगळी माणसं हसू लागली. आई शांतपणे जमीन उकरत राहिली. थोड्या वेळाने पिलूही रडं थांबवून तिच्या शेजारी बसलं आणि ती काय उकरते ते बघू लागलं.

ती काय उकरत होती ते मला ओळखीचं निघालं. कोरड्या दिवसांत आंबोसेलीचे बबून गवताच्या आणि लव्हाळ्याच्या जातीच्या झाडांच्या जमिनीतल्या गाठी खातात. आपल्या रानात लव्हाळ्यापायी शेतकरी हैराण होतो, कारण वरून कितीही खुरपलं तरी खाली गाठ शिल्लक राहते. त्याच गाठीवर हा प्राणी कोरडे दिवस काढतो. मादीने दोन्ही हातांनी गवताचा बुंधा धरला, हिसका देऊन उपटला, मुळांची माती तळहातावर चोळून झाडली, गाठ दाताने तोडली आणि उरलेलं फेकून दिलं. पिलाने दुसरं झाड धरलं. ते हललंसुद्धा नाही. मग त्याने आईने फेकलेलं उचललं आणि त्यात काही राहिलंय का ते चघळून पाहिलं.

स्टुअर्ट आल्टमन यांनी याच वयाच्या पिलांच्या खाण्याचा अभ्यास केला. दूध सुटत आलेलं पिलू काय खातं, किती खातं, त्यातून त्याला किती प्रथिनं आणि किती ताकद मिळते, हे त्यांनी घासाघासाने मोजलं. अनेक वर्षांनी त्यातल्या माद्यांचं पुढे काय झालं ते पाहिलं, तर लहानपणी ज्यांचं खाणं चांगलं जमलं होतं त्याच पुढे जास्त जगल्या आणि त्यांनाच जास्त पिलं झाली. वर्षाच्या पिलाच्या तोंडातला घास त्याचं पुढचं आयुष्य सांगतो, हे तिथे त्या माळावर बसून समजून घेताना अंगावर काटा आला.

बबूनांच्या कळपात माद्या जन्मभर आपल्याच कळपात राहतात. आईचा मान मुलीला मिळतो. मोठ्या घराण्यातली लेक दात पडायच्या वयातच दुसऱ्या घराण्यातल्या पोक्त मादीला जागेवरून उठवते आणि ती उठते. बहिणींमध्ये मात्र धाकटीचा मान थोरलीपेक्षा वर. मादी साडेचार वर्षांच्या सुमारास वयात येते, सहाव्या वर्षाच्या आसपास पहिलटकरीण होते. नराचं वेगळं. तो सातव्या-आठव्या वर्षी घर सोडतो आणि परक्या कळपात जाऊन ताकदीवर जागा मिळवतो. सगळ्यात वरच्या नराला सुख असेल असं आपल्याला वाटतं. पण २०११ साली आंबोसेलीतून जे प्रसिद्ध झालं त्यात दिसलं की पहिल्या क्रमांकाच्या नराच्या शरीरात ताणाची संप्रेरकं तळाच्या नरांइतकी चढलेली असतात. दुसऱ्या क्रमांकाचा त्याच्यापेक्षा निवांत असतो. आणि एक सुखद गोष्ट २००३ साली समजली. अनेक नर असलेल्या या कळपात बापाला आपलं पिलू कळत नसणार असं मानलं जायचं, पण भांडण लागलं की नर आपल्या पोटच्या पिलाची बाजू घेतो, हे डीएनए तपासून सिद्ध झालं. त्याच वर्षी हेही कळलं की ज्या आईला कळपात सख्या-सोबतिणी जास्त, तिची पिलं जास्त जगतात.

मराठवाड्यातल्या माणसाला या वहीतलं सर्वात जास्त भिडेल ते दुष्काळाचं पान. २००९ साली आंबोसेलीत भयंकर दुष्काळ पडला. मसाईंची गुरं मेली, रानातले झेब्रे आणि विल्डबीस्ट हजारोंनी मेले. बबून तगले, पण सगळ्यांना सारखी झळ बसली नाही. ज्या माद्या स्वतः दुष्काळात जन्मल्या होत्या, त्यांना या नव्या दुष्काळात गर्भ राहणं जास्त जड गेलं. लहानपणी सोसलेल्याला पुढे सोसणं सोपं जातं, असं आपण म्हणतो. तिथल्या नोंदी उलटं सांगतात. मात्र ज्यांची आई मानाची होती, त्यांना हा फटका कमी बसला. म्हणजे दुष्काळ तोच, पण आईचा आधार असेल तर त्याचे दात बोथट होतात.

२०१६ साली टंग, आर्ची, आल्टमन आणि आल्बर्ट्स यांनी १९६ माद्यांची आयुष्यं एकत्र मांडली. लहानपणीची सहा संकटं त्यांनी धरली: दुष्काळात जन्म, कळपात दाटी, आईचा मान कमी, आई एकलकोंडी, पाठचं भावंड लवकर येणं आणि आईचा मृत्यू. एखादं संकट असेल तर मादी निभावून नेते. पण ज्यांच्या वाट्याला तीन किंवा जास्त आली, त्या फार तर एक संकट आलेल्या माद्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी मेल्या. जिथे प्रौढ मादीचं सरासरी आयुष्यच साडेअठरा वर्षांचं, तिथे दहा वर्षं म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य. २०१९ साली पुढची पिढीही तपासली गेली. ज्या आया लहानपणी पोरक्या झाल्या होत्या, त्यांची पिलंही कमी जगत होती. आजीच्या मरणाची झळ नातवापर्यंत पोचते.

हे वाचताना मला आमच्या कालवडी आठवत होत्या. पहिल्या वर्षी पोटभर वैरण मिळाली नाही की कालवड उशिरा माजावर येते, हे परभणीतला कुठलाही गोपाळ सांगेल. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या प्रत्येक कोरड्या वर्षात आपण मेलेली जनावरं मोजली. जगलेल्यांच्या अंगात दुष्काळ किती वर्षं राहिला, ते कुणी मोजलं नाही.

आंबोसेलीचं आणखी एक नवल म्हणजे ही दोन जातींची सीमा आहे. इथले मूळचे बबून पिवळे, आणि उत्तरेकडून आलेले अनुबिस जातीचे बबून हिरवट झाकेचे, अंगाने भरदार. दोघांचा संकर होतो आणि आज इथल्या बहुतेकांच्या रक्तात दोन्हीचा अंश आहे. २०२२ साली त्यांच्या जनुकांची मांडणी वाचली गेली तेव्हा दिसलं की वरून ही मिश्र पिलं अगदी धडधाकट दिसतात, पण कित्येक पिढ्यांच्या ओघात निसर्ग परक्या जातीची काही जनुकं गाळत आला आहे.

ही गोष्ट ऐकायला मी सहा तास उडून समुद्र ओलांडला, आणि अशीच एक सीमा आमच्या दारावरून जाते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांना भिजवत जाणारी गोदावरी आणि पश्चिमेकडे तापी, या नद्यांच्या आसपासचा पट्टा लाल तोंडाच्या दोन माकडांची हद्द मानला जात आला आहे. उत्तरेला आखूड शेपटीचं ऱ्हीसस, दक्षिणेला डोक्यावर केसांची टोपी आणि लांब शेपटी असलेलं बॉनेट. रविंदर कुमार, सिंधू राधाकृष्ण आणि अनिंद्य सिन्हा यांनी २०११ साली दाखवून दिलं की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकतं आहे आणि फक्त दक्षिण भारतातच असलेल्या बॉनेटची जागा आक्रसते आहे. काळ्या तोंडाच्या वानरांची गोष्टही अशीच जवळची. वानरांच्या टोळीत नवा नर शिरला की तो आधीच्या नराची पिलं मारतो, ही जगभर गाजलेली गोष्ट पहिल्यांदा नीट टिपली गेली ती आपल्या शेजारच्या धारवाडला. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६१ ते १९६३ मध्ये तिथे काम केलं. जपानहून माणूस धारवाडला येतो, अमेरिकेहून आंबोसेलीला जातो, आणि आपल्या चिंचेवरची टोळी तुरीत शिरली की आपल्याला फक्त फटाका आठवतो. पिकाचं नुकसान खरं आहे, शेतकऱ्याचा राग रास्त आहे. पण ज्या प्राण्याशी भांडायचं, त्याची टोळी केवढी, ती वाढते आहे की घटते आहे, कुठल्या महिन्यात ती रानातलं सोडून शिवारात उतरते, एवढं तरी माहीत असायला नको?

परत निघताना चालकाला मी विचारलं की हे काम रोज करतं कोण. तो म्हणाला, "इथलीच माणसं." खरंच आहे ते. परदेशी प्राध्यापक येतात आणि जातात. दर वर्षी सगळे महिने पायी कळपामागे चालतात ते केनियातले नोंदकर्ते. राफाएल मुटुटुआ, सेराह सायिआलेल, किन्युआ वारुतेरे ही नावं आंबोसेलीच्या शोधनिबंधांत वर्षानुवर्षं येत राहिली आहेत. शेकडो बबून चेहऱ्याने ओळखणारी ही माणसं. जगाला सांगितलेला एकेक निष्कर्ष त्यांच्या पायांनी उभा केलेला आहे.

म्हणून परभणीतल्या शिक्षकांना, महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विभागांना आणि आमच्या पशुवैद्यकीयच्या मुलांना माझी विनंती आहे. आपल्या गावाची एक टोळी निवडा. वानराचं नवजात पिलूही गडद रंगाचं, उजळ तोंडाचं असतं आणि काही महिन्यांत त्याचा रंग बदलतो, म्हणजे जन्माचा महिना लांबूनही ओळखता येतो. महिन्यातून ठरलेल्या दिवशी मोजा: नर किती, माद्या किती, काळी पिलं किती. काय खाल्लं ते लिहा, पाऊस किती झाला ते लिहा, कोण मेलं तेही लिहा. त्यांना खाऊ घालू नका, जवळ जाऊ नका. दुर्बीण, वही आणि पेन यांपलीकडे काही लागत नाही. आंबोसेलीत १९७१ साली याहून फार काही नव्हतं. दहा वर्षं वही चालली, तर परभणी जिल्ह्याकडे आपल्या माकडांबद्दल सांगण्यासारखं असेल. वर्ग बदलला, शिक्षक बदलले, तरी वही पुढच्याच्या हातात द्या. ती बंद पडू देऊ नका.